एका प्लॉटवरच्या दोन हरकती

शहराच्या विकास आराखड्यावर एकाच सिटी सर्व्हे नंबरासाठी दोन हरकती आल्या की सुनावणीत त्या लागोपाठ लावतात. बहुतेकदा भाऊबंदकी असते, लगेच आटपतं. ही मात्र आटपली नाही, आणि माझ्या डोक्यातूनही जात नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर ही आपली यंत्रमागावर जगणारी मोठी शहरं. त्यांतल्याच एकाच्या विकास आराखड्याचं काम मी करतो. कोणतं ते सांगत नाही, फाईल अजून उघडी आहे. दाटी कशी असते ते कळावं म्हणून भिवंडीचा आकडा देतो: 2011 च्या जनगणनेत सुमारे 26 चौरस किलोमीटरात 7 लाखांवर माणसं.

आराखडा म्हणजे उद्याचं चित्र, असं लोकांना वाटतं. आमचा निम्मा जीव जातो तो आज काय आहे ते रंगवण्यात. घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, आणि एका प्लॉटला एकच रंग. खाली माग आणि वर संसार असेल तर काय करायचं? ड्रोनला छप्पर दिसतं, पण त्याखालचा खडखडाट त्याला ऐकू येत नाही. सर्वेक्षणाची पोरं साप्ताहिक सुट्टी बघून फिरतात, कारण त्या दिवशी मालक घरी सापडतो. नेमके त्याच दिवशी माग बंद, शटर खाली. 'निवासी' लिहायचं आणि पुढच्या दारी जायचं. ठेक्याचे पैसे प्लॉटमागे मिळत असतील तर दुसरं काय होणार?

म्हणून मी विजेच्या मागे लागलो. वीज दरपत्रकात यंत्रमागाला स्वतंत्र वर्ग आहे. त्या वर्गातल्या ग्राहकांची यादी मिळवली आणि घरपट्टीच्या यादीशी नावानावाने जुळवली. पत्ते कसले, तर 'मारुती देवळामागे, बोळात'. एकाच्या मीटरवर आजोबा, घरपट्टीवर नातू. पण बसवलं सगळं. पिवळ्या गल्ल्यांवर गोवर उठावा तसे जांभळे ठिपके उठले. या एका नकाशाचा मला अभिमान आहे. वरिष्ठांनी तो परिशिष्टात टाकला.

सुनावणी नगररचना कायद्याच्या कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे होती. पहिली हरकत थोरल्या भावाची. हा खर्चीवाला, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग याचे, आणि मजुरी पिकावर, म्हणजे कापडात जितके आडवे धागे पडतात त्या मोजणीवर. त्याचं म्हणणं, "पिवळ्यात टाकलं की आहे ते चालवा म्हणता, पण वाढवू देत न्हाई. बँकवाला पण नकाशाच बगतो."

दुसरी हरकत त्याच घराच्या वरच्या मजल्यावरून, धाकट्याच्या बायकोची. तिला पिवळंच हवं होतं. "मोठ्या भावजींबद्दल तक्रार न्हाई. पण रात्रपाळीत धोटा आदळतो तशी फरशी हलती. पोरगी बारावीला हाय."

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारी शटल. दोघंही खरं बोलत होते. समितीतल्या एका तज्ज्ञांनी तोडगा काढला: बायपासपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात हलवा, नवे शटललेस माग घ्या, उत्पादन वाढेल. ते चुकीचं नव्हतं. कापडधंद्यात नवी यंत्रं घ्यायला केंद्राची मदत देणारी टफ योजना 1999 पासून 2022 पर्यंत चालली, तिचा सूरही तोच होता.

तेव्हा थोरल्याबरोबर आलेल्या काकू मागून बोलल्या. त्या कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळतात. हरकत दिलेली नसल्याने त्यांचं बोलणं नोंदीत आलंच नाही. "साहेब, त्या मागाला कांडीच लागत न्हाई. आणि लागली तरी तितं जाऊन काय करू? इतनं दुपारी घरला जाऊन सासूला जेवायला घालून येते मी."

तज्ज्ञ हसले. मला हसू आलं नाही. साध्या मागात धोट्यात कांडी असते, ती संपली की दुसरी, म्हणून कांडी भरणारी हाकेच्या अंतरावर लागते. शटललेसमध्ये धोटाच नाही. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर कापड वाढतं आणि हात कमी होतात. आमच्या अहवालात 'आर्थिक वाढ व रोजगार' असं एकच प्रकरण आहे, जणू ती जुळी भावंडं, आणि त्यात मोजलेले आहेत हेक्टर. काकू कुठल्या हेक्टरात धरायच्या?

मी त्या गल्ल्यांसाठी मिश्र वापर सुचवला आहे: पिवळ्यावर जांभळ्या रेघा. अध्यक्ष म्हणाले, "नकाशाच्या सूचीत असा रंग नाही." मी सूचीत एक चौकट वाढवली. अटींमध्ये मागाखाली रबरी पाट्या लिहिल्या, रात्री दहानंतर माग बंद असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला: रात्रपाळी गेली तर निम्मं पीक गेलं, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि कामगार दुसरीकडे जातील. ती अट मी खोडली. मग बारावीची पोरगी आठवली, पुन्हा लिहिली. अहवाल सोमवारी द्यायचा आहे आणि आत्ता ती अट कंसात आहे.