घाटातला वैशाख

मॉडेल करायला सांगणारा माणूस साल सांगतो. महिना कुणी सांगत नाही आणि त्या दिवसापर्यंत मीही कधी विचारत नव्हतो.

मी पुण्यात मॉडेलं बनवतो. पोटापाण्याचं काम म्हणजे बिल्डरांच्या इमारती: ॲक्रिलिकच्या खिडक्या, स्पंजची झाडं. रेल्वेचं काम वर्षातून एखादंच येतं, आणि आलं की बाकीची कामं मागं पडतात. कर्जतच्या एक निवृत्त शिक्षिका ते घेऊन आल्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास. मी त्यांना बाईच म्हणायचो. त्यांचे आजोबा बोरघाटात रूळ जपणाऱ्या गँगचे मुकादम होते. बाईंना रिव्हर्सिंग स्टेशन हवं होतं, चालत्या गाडीसकट. साल १९२४. म्हणजे विजेच्या तारा यायच्या आधीचं, निव्वळ वाफेचं.

हे स्टेशन आज नाही. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा चढाच्या वाटेवर एका ठिकाणी गाडीला वळायला जागाच नव्हती. म्हणून गाडी डोंगराच्या कडेवर एका टोकाशी येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि आली त्याच्या उलट तोंडानं गाडी पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. अमृतांजन पूल २०२० साली पाडला, त्याच परिसरातली ही जागा. वर नागफणीचा सुळका दिसतो.

मॉडेलवाल्याला हे स्टेशन म्हणजे पर्वणी, कारण ते भिंतीलगतच्या फळीवर बसतं. अख्खा घाट करायचा म्हटला तर पंचवीसेक किलोमीटरचे एकास सत्त्याऐंशी या मापात २९० मीटर होतात. इथं माझ्याकडं १२ फूट होते. ५ फूट स्टेशन सपाट धरलं. उरलेल्या ७ फुटांत एक रूळ सव्वादोन इंच खाली उतरतो आणि दुसरा तेवढाच वर चढतो, कारण घाटातला कडक चढ ३७ फुटांना १ फूट. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. दोन रूळ एकमेकांपासून सुटत जाताना बघितले की पोटात गोळा येतो.

रूळ हातानंच टाकावे लागले. बाजारात या मापाचा तयार ट्रॅक साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा मिळतो, तो परदेशातल्या स्टँडर्ड गेजचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर सव्वाएकोणीस. तीन मिलिमीटरचा फरक कोण बघतो, असं लोक म्हणतात. पण गाडी अरुंद रुळावर उभी केली की ती आपली वाटत नाही. रुंद बांध्याच्या माणसानं लहान मुलाच्या चपला घातल्यासारखी दिसते. पीसीबीच्या, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या, पट्ट्या कापून स्लीपर केले आणि प्रत्येकावर रूळ डाग देऊन बसवला. सांधे करण्यातच नऊ दिवस गेले.

मग दगड. माझा खरा जीव यात. रेल्वे मॉडेलसाठी खडकाचे तयार साचे मिळतात, त्यांतले बहुतेक आल्प्सच्या वळणाचे. त्यातून प्लास्टर ओतलं की डोंगर टोकदार आणि पांढुरका निघतो. सह्याद्री तसा नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे, त्यामुळं कडा पायरीपायरीनं उतरतो: उभी भिंत, मग गवताची पट्टी, मग पुन्हा भिंत. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं भाजलेल्या विटेसारखी लाल मातीची रेघ असते. मी घाटाखालून फुटक्या काळ्या दगडाचे तुकडे आणले, त्यांच्यावर सिलिकॉनचे साचे घेतले आणि जोडाच्या जागा दातांच्या डॉक्टरची हत्यारं घेऊन कोरल्या. कड्यावर अकरा दिवस गेले. लाल रेघ मी गेरूनं ओढली.

आणि त्यावर श्रावण चढवला.

का, ते सांगतो. मला बोरघाट म्हटलं की तोच दिसतो. लहानपणी मुंबईला मामाकडं जाताना दाराशी उभं राहून बघितलेला. नायलॉनचं गवत दोन हिरव्यांत, शेवाळ, कातळावरून उतरणारे रेझिनचे सात धबधबे, बोगद्याच्या तोंडाशी कापसाचं धुकं. कारखान्यात येणारा प्रत्येक माणूस समोर उभा राहून फोटो काढायचा.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी बाई बघायला आल्या. बाहेर धो धो पाऊस. छत्री दाराशी ठेवून त्या मॉडेलसमोर उभ्या राहिल्या. मी गाडी सोडली. गाडी आली, थांबली, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागलं आणि उलट दिशेनं वर निघून गेली. बाईंनी ते दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘फार सुंदर झालंय हो. येताना आत्ता गाडीत सगळे खिडकीला होते मोबाईल घेऊन. अगदी हाच घाट.’’

मी खुशीत हसलो. त्या हसल्या नाहीत.

‘‘हा पाहुण्यांचा घाट झाला,’’ त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. वहीतली चूक दाखवावी तशा बोलल्या.

मी विचारलं, आजोबा पावसाचं काही सांगायचे का? सांगायचे, म्हणाल्या. पण त्यांचा पावसाळा रात्रीचा असायचा. दरड आली का, खडी वाहून गेली का, हे बघत कंदील घेऊन लाइनवर चालायचं. हिरवळीचं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते बोलायचे उन्हाळ्याचं. चढावर इंजिन जोर करायला लागलं की धुराड्यातून ठिणग्या उडायच्या आणि वाळलेलं गवत पेटायचं. गँग ओल्या फांद्या घेऊन धावायची. चैत्र-वैशाखात लाइनीच्या दोन्ही अंगांना काळी पट्टी पडलेली असायची, आणि आजोबांच्या धोतराचा काठ त्या काजळीनं काळा झालेला.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. ‘‘यात तुम्ही गँगची माणसं ठेवणार ना? मग ती पाणी कुठून पितात?’’

मी धबधब्याकडं बोट दाखवणार होतो. हात उचललाच नाही.

त्या गेल्यावर मी स्टूल ओढून रुळांच्या पातळीवर डोळे आणून बसलो. साल मी किती काळजीनं पाळलं होतं! तारा नाहीत, खांब नाहीत, सिग्नलचा हात त्या काळचा. पण महिना मी माझा घातला होता. हा घाट उभा राहिला तोच हातांवर. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांवर माणसं इथं राबत होती, आणि पटकीनं त्यांतली किती गेली याचा नीट हिशेब लागत नाही. त्यांच्या नंतर लाइन जपणारा माणूस या मॉडेलच्या मध्यभागी हवा होता, आणि मी तिथं डब्यात बसलेल्याची नजर ठेवली होती.

सहकाऱ्याला म्हटलं, कोमट पाणी आण. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग गेला आणि आणलं.

फेविकॉलवर बसवलेलं गवत भिजवलं की पाचसात मिनिटांत सैल होतं. पट्टीनं खरवडायला लागलो. धबधबे तोडावे लागले, त्यांच्याबरोबर प्लास्टरचे टवके निघाले. पहिला टवका उडाला तेव्हा सहकाऱ्यानं मान फिरवली. आणि हिरवं निघत गेलं तसा खालून माझाच कडा वर यायला लागला. अकरा दिवस कोरलेले थर, ती गेरूची रेघ. मी स्वतःच ते झाकून टाकलं होतं. रात्री अकराला फळी उघडी पडली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा सह्याद्री आहे.

पुढचे अठरा दिवस वैशाखाचे. गवतासाठी सुतळी उकलून तिचे तंतू तीन-चार मिलिमीटरचे कापले. नायलॉनला वाळल्या गवताचा तो मळकट पिवळा येतच नाही. पानगळीला चहाचा चोथा, वाळवून दोनदा चाळलेला. निष्पर्ण झाडांना वाळ्याच्या मुळ्या. सगळ्यात वेळ जळक्या पट्टीनं खाल्ला. नुसता काळा रंग दिला तर डांबर सांडल्यासारखं दिसतं. मी गावाकडं शेताचा बांध जाळलेला आहे तिथं जाऊन बसलो. आग जिथं रेंगाळते तिथं राख पांढरी असते, जिथून पळत जाते तिथं काळे खुंट राहतात, आणि कडेला बोटभर पट्टी नुसती होरपळून तांबूस होते. शिवाय आग दगडाला वळसा घालून जाते, म्हणून मोठ्या धोंड्याच्या मागं गवताचा झुबका जिवंत उरतो. चुलीची राख आणि कुटलेला लाकडी कोळसा मलमलीतून चाळून हे सगळं हातानं टाकलं. दिवेही बदलले. पावसाळी निळसर उजेड काढून वर मधोमध पिवळा दिवा लावला, म्हणजे माणसाची सावली त्याच्या पायाशीच पडते.

माणसं पाच. प्रत्येक एकोणीस मिलिमीटरची. एक जण फांदी घेऊन वाकलेला, दोघं खडी ओढताहेत, एक रुळाला कान लावून बसलाय. पाचवे मुकादम. त्यांच्या धोतराचा काठ मी एका केसाच्या ब्रशनं काळा केला.

पाण्याचं मी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळी खालून मडकं भरून न्यायचे आणि दगडाच्या सावलीत वाळूवर ठेवायचे. दुपारपर्यंत ते संपायचं. कधी एखादा ड्रायव्हर इंजिनाच्या टाकीतलं द्यायचा, ते गरम असायचं. मी साडेतीन मिलिमीटरचं मडकं केलं आणि जळक्या पट्टीपलीकडच्या धोंड्याआड ठेवलं. समोरून ते दिसत नाही.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी काही बोललो नाही. गाडीही सोडली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, डावीकडून उजवीकडं सावकाश बघत गेल्या, मुकादमापाशी थांबल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि धोंड्यामागं बघितलं. बराच वेळ तशाच होत्या.

‘‘यात पाणी आहे ना?’’

नव्हतं. मडकं आतून कोरडं, नुसतं काळं रंगवलेलं होतं. मी चिमट्यानं ते उचललं, भिंगाखाली धरलं आणि सुईच्या टोकानं रेझिनचा एक थेंब आत सोडला. तो सुकेपर्यंत बाई खुर्चीत बसून होत्या. मग मडकं परत वाळूवर ठेवलं आणि गाडी सोडली.