ट्रकमधले गमबूट

भांडार विभागात मला चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं महापालिकेची खरेदी म्हंजे पूल नि रस्त्यांची मोठमोठी टेंडरं, पण ती कामं इंजिनीअरिंगकडे असतात, आमच्या टेबलावर येतात ते झाडू, फिनेल, ब्लिचिंग पावडर, शाळेची बाकं, रेनकोट आणि गमबूट. आज त्यातल्या सफाई कामगारांच्या गमबुटांचं सांगते.

मे संपत आलेला, ठाण्यात नुसत्या घामाच्या धारा. सकाळी साडेनऊला भांडारपालांचा फोन, मॅडम वागळेच्या गोडाऊनला गमबुटांचा ट्रक लागलाय, 2400 जोड आहेत, ड्रायव्हर म्हणतोय लगेच उतरवून घ्या नि चलनावर सही द्या, घोडबंदरला अवजड गाड्यांची बंदी लागायच्या आत त्याला निघायचंय. मी म्हटलं सही करू नका, मी येते.

निविदा तशी रीतसर झाली होती. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर, दोन लिफाफा पद्धतीने, आधी तांत्रिक मग दराचा, तांत्रिक लिफाफ्यात चौघं पात्र ठरले आणि दर उघडले तर एल1, म्हंजे सगळ्यात कमी दरवाला, आमच्या अंदाजित दरापेक्षा 19 टक्के खाली. इतका खाली दर आला की माझ्या पोटात गोळा येतो. बाहेरून बघणारा म्हणतो वा, पैसे वाचले. पण पीव्हीसीचा भाव बाजारात सगळ्यांना सारखाच ना, मग हा 19 टक्के काढणार कुठून? दर कसा परवडतो ते लेखी मागितलं, त्याने दिलं, जादा सुरक्षा अनामत भरली, कागद सगळे पूर्ण, मग नाही म्हणायला जागाच राहत नाही, कार्यादेश द्यावाच लागतो.

गोडाऊनला पोचले तर आमचे भांडारातले काका एक बूट नाकाशी धरून उभे. म्हणाले, "मॅडम, वास घ्या जरा." जुनं प्लास्टिक वितळवल्यावर येतो तसा उग्र वास, डोक्यात जाणारा. दिसायला मात्र बूट एकदम झकास, काळे, चकचकीत.

मग कपाटातून सीलबंद नमुना काढला. कापडी पिशवी, गाठीवर लाखेचं सील, चिठ्ठीवर तीन सह्या, माझी, स्वच्छता अधिकाऱ्यांची आणि पुरवठादाराची. सप्लायरचा माणूस हजर होताच, त्याच्यासमोर सील तोडलं. दोन्ही बूट शेजारी ठेवले तर सांगता येणार नाही कुठला कुठला. आमचा मोठा काटा पोती मोजायचा, त्यावर ग्रॅम काय कळणार, म्हणून काकांनी समोरच्या किराणावाल्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. नमुन्याचा जोड भरला 1 किलो 820 ग्रॅम. ट्रकमधला त्याच नंबरचा जोड 1 किलो 390. वेगवेगळ्या खोक्यांतून वीस जोड काढले, एकही दीड किलोच्या वर गेला नाही. नमुन्याच्या बुटाची नळी दुमडून सोडली की परत सरळ, वळ नाही. नव्या मालाची दुमडली तर घडीवर पांढरी रेघ उठली, चार वेळा दुमडल्यावर तिथेच बारीक चीर. काकांनी करवतीच्या पात्याने तळवा कापला तर आत राखाडी, मधेमधे पांढरे कण. खडू भरलेला माल.

सप्लायरच्या माणसाने मालकाला फोन लावला आणि मला एकच प्रश्न विचारला, मॅडम तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये वजन कुठे लिहिलंय?

नव्हतं लिहिलेलं. उंची होती, रंग होता, पीव्हीसी बुटांचं आयएस 12254 मानक होतं, वजन नव्हतं. ते स्पेसिफिकेशन जुन्या फाईलवरून पुढे पुढे आलेलं, आणि मी ते तसंच घेतलं होतं. त्या क्षणी हातपाय गार पडले खरंच. त्याने लॅबचा रिपोर्टही पुढे केला, पास झालेला. मी निविदेची कागदपत्रं तिथेच खोक्यावर पसरून एकेक अट वाचत गेले आणि सापडली, पुरवठा सीलबंद नमुन्याशी सर्व बाबतीत तंतोतंत जुळणारा असावा, अन्यथा माल नाकारण्यात येईल. आणि रिपोर्ट होता तो त्यांनी लॅबला दिलेल्या नमुन्याचा, ट्रकमधल्या मालाचा नाही. जागेवर पंचनामा केला, वीस जोडांची वजनं, फोटो, कापलेला बूट पिशवीत घालून परत सील.

दुपारपासून फोन सुरू. बहुतेकांचं म्हणणं एकच, मॅडम पावसाळा तोंडावर आलाय, माल परत पाठवलात तर कामगारांच्या पायात काय घालणार? याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबई-ठाण्याकडे लेप्टोचा ताप कसा पसरला ते आम्ही विसरलेलो नाही. उंदरा-गुरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी, पायाला साधी चीर असली तरी पुरते. पण मला हेही दिसत होतं की हा बूट जुलैत फुटणार, आणि फुटलेल्या बुटात पाणी शिरलं की ते बाहेर निघत नाही, पाय आठ तास त्यातच. उपायुक्त साहेबांनी विचारलं, लेखी देताय ना? म्हटलं, हो, टिपणी तयार आहे. संध्याकाळी ट्रक भरलेलाच परत गेला. नोटीस बजावली, पंधरा दिवसांत बदली माल द्या, नाहीतर तुमच्या जोखमीवर नि खर्चावर दुसरीकडून घेऊ आणि अनामत जप्त.

बदली माल अकराव्या दिवशी आला. पाऊस आठव्या दिवशी आला.

त्या तीन दिवसांतल्या एका सकाळी सहाला मी कळव्याच्या हजेरी शेडवर गेले, ऑफिसात बसवेना. बायका गेल्या वर्षीचेच बूट घालून निघालेल्या, एकीने टाचेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, एकीने आत दुधाच्या पिशव्या घातलेल्या. मी सांगायला लागले की माल खराब होता म्हणून परत पाठवला, तर एक मावशी म्हणाली, "बरं केलंत मॅडम, पन या टायमाला पाच नंबर आणा. सहा नंबरात दोन मोजे घालते तरी पाय सरकतो, चिखलात बूट तिथंच राहतो नि पाय वर येतो."

आमच्या मागणीपत्रात नंबर सहा ते दहा. वर्षानुवर्षं तेच. कार्यादेश दिल्यावर नवा नंबर त्यात घुसवता येत नाही, त्यामुळे त्या पावसाळ्यात मावशीला सहा नंबरच मिळाला, वजन 1 किलो 810 भरलेला, चांगला, पण सहाच.

पुढच्या वर्षीचं स्पेसिफिकेशन करताना प्रत्येक नंबराचं किमान वजन टाकलं, आणि आलेल्या मालातून आम्ही उचललेले जोड लॅबला जातील, खर्च पुरवठादाराचा, ही अट टाकली. मुकादमांना सांगितलं, हजेरीच्या वेळी प्रत्येकीला कागदावर उभं करा नि पेन्सिलीने पाऊल काढून घ्या. कुणी वहीच्या पानावर काढलं, कुणी पेपरवर, एकावर पावलाशेजारी चहाच्या कपाचा गोल उमटलेला. मागणीपत्रात चार आणि पाच नंबर घातले तेव्हा लेखा विभागाने विचारलं, आधार काय? मी पावलांचा तो अख्खा गठ्ठा फाईलला टाचून पाठवला.