आधारवरची एक जानेवारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९च्या पावसाळ्यात, मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात घरोघर फिरले. पाणी कुठून आणता, चूल की गॅस, शेती किती, पंखा-फ्रिज-मोटरसायकल आहे का, हे सगळं भराभर होतं. अडतं ते वयापाशी.

त्या दुपारी समोरच्या मावशींनी आधार कार्डच पुढे केलं. जन्मतारीख १ जानेवारी १९६८. म्हणजे ५१ पूर्ण. आमच्याकडे कागदावर एक जानेवारी किंवा एक जून दिसली, की ती कुणीतरी अंदाजानं घातलेली असणार, हे मी गृहीतच धरते. मी थांबले. पर्यवेक्षक मागून म्हणाले, ‘‘आधारवर आहे ते टाका आणि पुढचं घर घ्या.’’

त्या वाक्याचा मला अजून राग येतो. त्या फेरीत बाईची स्वतंत्र मुलाखत १५ ते ४९ या वयातच व्हायची. ५१ लिहिलं की रक्तदाब आणि साखर तेवढी तपासली जायची. बाळंतपणं, ऑपरेशन, अंगातलं रक्त, यातलं काहीच नोंदलं जायचं नाही. तासाभराची प्रश्नावली टळते, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बायकांना पलीकडे ढकलायचा मोह आमच्यातल्या अनेकांना होतो. अशा घाईनं त्या वयाच्या बायका आकडेवारीतून गळतात.

मी विचारलं, ‘‘मावशी, बहात्तरचा दुष्काळ आठवतो का?’’

‘‘आठवंल कसा? मी आईच्या पोटात होते की. आई खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन.’’

‘‘मग जन्म कधीचा?’’

‘‘दुष्काळ सरला, मिरग पडला, तवा झाले म्हणं.’’

म्हणजे १९७३चा जून. मावशींच्या सासूबाईंना किल्लारीच्या भूकंपाचं विचारलं. त्या म्हणाल्या, विसर्जनाच्या रात्री हिची थोरली रांगत होती, ही स्वतः विशीतली पोर. ३० सप्टेंबर १९९३ला वीस वर्षांची. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळला. संगणकावर जन्माचा महिना-वर्ष आणि पूर्ण झालेलं वय जुळावं लागतं. ४६ टाकलं आणि तेही जुळलं. पर्यवेक्षक तोवर ओट्यावर घड्याळ बघत बसले होते. बसू दिलं.

नव्यानं या कामावर येणाऱ्या मुलींनो, कागद आधी मागू नका. एकदा कागद पुढे आला की बाई स्वतःची आठवण सोडून देते. गावच्या घटनांची यादी वहीत लिहून ठेवा: दुष्काळ, भूकंप, गावात वीज आली ते साल. सासूला साक्षीला घ्या, पण वयापुरतंच. पुढचे प्रश्न एकटीलाच विचारायचे, कुणी बसलं असेल तर गोडीनं उठवा. आणि हो, फ्रिज-मोटरसायकल विचारताना रेशनकार्ड जाईल ही भीती आधी घालवा. उत्पन्नाचा आकडा आपण मागतच नाही. घरातल्या वस्तू आणि सोयींवरूनच कुटुंबांचे पाच संपत्तीगट पाडले जातात.

मुलाखत संपता संपता दिवेलागण झाली. मावशींनी चार बाळंतपणं सांगितली. थोरलीच्या पाठचा मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला होता. त्याचा महिना, साल त्यांनी न अडखळता सांगितलं. मी लिहून घेतलं.