लायसन्स ठरवतं, इंजिन किती सीसीचं

यामाहाची एमटी-०७ ही मोटरसायकल आहे ६८९ सीसीची. ऑस्ट्रेलियात मात्र तीच गाडी ६५५ सीसीतही निघाली. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन जितका वर-खाली सरकतो ते अंतर, ६८.६ मिलिमीटर तसाच; बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा ८० वरून ७८ वर आणला. कारण तिथे नवशिक्याला ६६० सीसीपर्यंतची आणि टनामागे १५० किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालते. ताकद उतरवायला थ्रॉटल आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) पुरतात. सीसी उतरवायचे तर पिस्टन-सिलिंडरलाच हात घालावा लागतो.

युरोपात जानेवारी २०१३ पासून एटू या मधल्या पायरीच्या लायसन्सला ३५ किलोवॅट आणि किलोमागे ०.२ किलोवॅट अशी दुहेरी मर्यादा आहे. म्हणजे पूर्ण ३५ हवे असतील तर गाडी निदान १७५ किलोची हवी; १५० किलोची असेल तर ३० वरच थांबा. हलकी गाडी करणाऱ्यालाच दंड, असा हा उफराटा हिशेब! होंडाच्या ५०० मालिकेतलं ४७१ सीसीचं इंजिन बरोबर ३५ किलोवॅट देतं, तो योगायोग नव्हे. मोठ्या गाडीची ताकद उतरवून ती एटूवर चालवायची तर मूळ ताकद ७० किलोवॅटच्या वर नको. कावासाकीने झेड९०० ची ७० किलोवॅटची आवृत्ती काढली ती यासाठीच. जुनी गाडी घेताना लोक इथेच फसतात: ताकद रोखणारा रिस्ट्रिक्टर बसवलेला असतो, पण मूळ गाडी ७० च्या वरची निघते आणि एटूवर ती चालत नाही.

त्याखालची पायरी एवन लायसन्सची: १२५ सीसी, ११ किलोवॅट. केटीएमची ड्यूक १२५ याच मापाची. चाकणला तयार होऊन ती २०११ मध्ये युरोपात गेली. भारतात विकायला आली २०१८ मध्ये. इथे गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं की शंभर सीसी चालवा नाहीतर हजार, मग लिक्विड कूलिंगच्या महागड्या १२५ साठी कोण थांबणार? म्हणून २०१२ मध्ये आपल्याकडे आधी ड्यूक २०० आली.

जपानमध्ये मधलं लायसन्स ४०० सीसीपर्यंतचं. त्यामुळे चार सिलिंडरची चारशेची गाडी तिथेच फोफावली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात १६ वर्षांच्या मुलांसाठी ५० सीसीची विनागिअर सवलत अजून आहे, पण तशी पेट्रोलची गाडी शोरूममध्ये शोधून सापडत नाही. तिची जागा घेतलीय २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरच्या इलेक्ट्रिक स्कूटरनं. तिला लायसन्सच लागत नाही.