निर्बंध आलेल्या बँकेतून ठेव सोडवताना

आधी ठेवीच्या विम्याचे पैसे मिळण्याच्या 90 दिवसांचा हिशेब, कारण रांगेत जो तो वेगळाच सांगत होता. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागून पैसे काढणं थांबलं की 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाकडे, म्हणजे डीआयसीजीसीकडे द्यायची. मग 30 दिवस छाननी आणि पुढच्या 15 दिवसांत पैसे. विलीनीकरणाचं घाटत असेल तर आणखी 90 दिवस. 2019 मध्ये पीएमसी बँकेचे ठेवीदार अडकले तेव्हा अशी मुदतच नव्हती; ती 1 सप्टेंबर 2021 पासून आली.

पैसे आपोआप येत नाहीत. संमतीचा अर्ज, आधार आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील शाखेत द्यावा लागतो. आमच्या शाखेच्या फलकावर त्या अर्जाला ‘इच्छापत्र’ म्हटलं होतं. मृत्युपत्र समजून दोन आजोबा माघारी गेले.

माझं एकट्याचं खातं पाच मिनिटांत उरकलं. आईसोबतच्या संयुक्त खात्यासाठी मात्र तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा सही एकट्याची म्हणून अर्ज परत. ‘दोघांपैकी कोणीही’ असं खातं असलं तरी इथे सगळ्यांच्या सह्या लागतात. दुसऱ्यांदा, खात्यावर आईचं नाव आद्याक्षरांत आणि आधारवर पूर्ण. केवायसी नव्याने करा. तिसऱ्यांदा, रद्द केलेल्या चेकवर नाव छापलेलं नाही. अहो, तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? पण काउंटरवरच्या बाईंवर चिडणार तरी किती, त्यांचा पगारही त्याच बँकेत जमा होत होता. अर्ज दिल्यावर पोच घ्याच, तारीख आणि शिक्क्यासकट.

विम्याची 5 लाखांची मर्यादा खात्यामागे नाही, माणसामागे. सगळ्या शाखांतली बचत, मुदत ठेव, आवर्ती ठेव आणि व्याज एकत्र धरतात. माझी मुदत ठेव 3,80,000, बचत 90,000 आणि व्याज 47,000, एकूण 5,17,000. वरचे 17,000 लटकले. संयुक्त खातं वेगळं मोजतात, त्याला स्वतंत्र 5 लाख. बँकेचं कर्ज असेल तर तेवढी रक्कम वळती होते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: निर्बंध लागले त्याच दिवशी कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि एसआयपी (म्युच्युअल फंडाचे हप्ते) दुसऱ्या खात्यावर वळवा, नाहीतर हप्ता न वटल्याचा दंड वेगळा बसतो. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. नावात ‘सहकारी’ असलं तरी.