आमची वाटचाल: घड्यांपासून दोऱ्यांपर्यंत

आमची सुरुवात पॅराशूटच्या घड्या घालून देण्यापासून आणि फाटलं-उसवलं शिवण्यापासून झाली. आज निम्म्याहून जास्त काम दोऱ्या, म्हणजे कापडाला माणसाशी जोडणारे दोर, बदलण्याचं असतं. हे काही आम्ही ठरवून केलं नाही. गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येत राहिली : "पूर्वी कशी अलगद उघडायची, आता दणका बसतो. वर उघडता उघडता भलतीकडेच वळते." खापर अर्थातच घडी घालणाऱ्यावर!

खरं दुखणं बहुतेक वेळा दोऱ्यांत निघायचं. कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापडी छत्र, उघडताना स्लायडर (उघडण्याचा वेग आवरणारा, दोऱ्या ओवलेला कापडी चौकोन) आपल्या कड्यांसकट दोऱ्यांवरून सरसर खाली येतो आणि घर्षणाने दोरी तापते. कापडाचं नायलॉन 250 अंशांच्या पुढे वितळतं. स्पेक्ट्रा ही दोरी मात्र पॉलिइथिलीनची, ती 150 अंशांच्या आसपासच वितळते आणि त्याच्या बरीच आधी आखडू लागते. त्यातही सगळ्या दोऱ्या सारख्या घासत नाहीत. कडेच्या आणि ब्रेकच्या (वळायला आणि वेग कमी करायला ओढायच्या) दोऱ्यांना जास्त सोसावं लागतं. काहीशे उड्यांनंतर ब्रेकची दोरी काही इंचांनी आखूड झालेली असते; शेपटी, म्हणजे कॅनोपीची मागची कड, सतत ओढलेली, डावं-उजवं जुळत नाही.

मग आम्ही मापाचं टेबल बसवलं. रायझर (दोऱ्यांना अंगावरच्या पट्ट्यांशी जोडणारे पट्टे) खुंटीला अडकवायचे, प्रत्येक दोरीला सारखा ताण द्यायचा, आकडे निर्मात्याच्या तक्त्याशी ताडायचे. काम कंटाळवाणं, पण दोन्ही ब्रेकची टोकं गिऱ्हाइकासमोर शेजारी-शेजारी धरली की वाद मिटतो.

व्हेक्ट्रान ही दुसऱ्या जातीची दोरी आखडत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. मला ती जास्त धोक्याची वाटते : तंतू पिंजत जातात, माप बरोबरच येतं, आणि एखाद्या उडीला दोरी तुटते.

कापड थकलं असेल तर आम्ही काम घेत नाही. एफ-111 हे पॅराशूटचं नायलॉन कापड हाताळून हाताळून हवा झिरपू देतं. कॅनोपी उघडायला रेंगाळते, उतरताना फ्लेअर (टेकण्याआधी ब्रेक ओढून वेग मारणं) धड लागत नाही. त्यावर नव्या दोऱ्या चढवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात.

आता दोऱ्यांसोबत पायलट शूटही, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारं छोटं पॅराशूटही, बघतो. त्याची किल-लाइन (उघडल्यावर त्याला मिटवणारी मधली दोरी) स्पेक्ट्राची असली तर तीही आखडते. मग मधलं टोक खाली ओढलेलं राहतं, हवा पुरती धरली जात नाही आणि घडी घातलेल्या कॅनोपीची बॅग वर खेचली जायला उशीर होतो. या तपासणीचे आम्ही वेगळे पैसे लावत नाही.