नाताळच्या झाडावरची इवली पावलं

२८ नोव्हेंबर

नाताळच्या झाडावर टांगायला बाळाच्या पावलांचे ठसे करायचे तर काम आत्ताच काढायला हवं. मीठ-मैद्याच्या गोळ्यातला ठसा हवेवर एक-दोन दिवस वाळतो, मग मंद आचेवर काही तास, मग रंग, मग वार्निशचे हात. पंधरवडा सहज जातो. विसाव्या तारखेला जागं झालेलं घर घाईने ओव्हनची आच वाढवतं आणि ठसा तिथेच फुगतो.

या कामात सजावटीला उगाच मान मिळतो. चमकी, रिबिनी, घंटा दुकानात केव्हाही मिळतात. जपायचं असतं ते माप. नवजात बाळाचं पाऊल साधारण ७.५ ते ८ सेंटिमीटरचं असतं, वर्षाचं होईतो ते ११-१२ सेंटिमीटरला पोचतं. म्हणून कुठल्याही साहित्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे वाळताना आकसणार की फुगणार? आणि साहित्य कितीही चांगलं असो, ठसा घेण्याआधी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवायचं. पुढे ठसा बिघडला तरी आकडा राहतो.

१ डिसेंबर

प्रमाण: २ कप मैदा, १ कप बारीक मीठ, पाऊण कप कोमट पाणी. लागलंच तर आणखी एक-दोन चमचे पाणी, पण एकदम ओतायचं नाही. एवढ्यात १० सेंटिमीटर व्यासाच्या सहा-सात चकत्या होतात. मीठ आधी कोमट पाण्यात जमेल तितकं विरघळवून घ्यावं. सगळं विरघळणार नाही, तरी चालतं. जाडं मीठ वापरलं तर पृष्ठभागावर खडे राहतात आणि बोटांच्या बारीक रेषा त्यांत हरवतात. बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा अजिबात नको, तो ओव्हनमध्ये फुगतोच.

आठ-दहा मिनिटं नीट मळायचं. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ आणि हाताला न चिकटणारा हवा. मग ओलसर फडक्याखाली वीस मिनिटं विसावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. मळल्याने मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि मिठाने ते अधिकच घट्ट होतं. लगेच लाटून ठसा घेतला की गोळा रबरासारखा मागे सरकतो, बोटांच्या खळग्या उथळ होतात आणि पाऊल लहान दिसतं. विसाव्याने हा ताण बराच उतरतो.

लाटायची जाडी ८ मिलिमीटर. ठसा त्यात ३-४ मिलिमीटर खोल गेला पाहिजे. त्याहून खोल गेला तर टाचेखाली पातळ पापुद्रा उरतो आणि वाळताना भेग नेमकी तिथूनच जाते.

आता पाऊल. बाळाचं पोट भरलेलं असावं, डोळे जड झालेले असावेत, आणि माणसं दोन असावीत: एक बाळाला धरणारं, दुसरं गोळा धरणारं. पाऊल गोळ्याकडे न्यायचं नाही, गोळा पाटावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवून पावलाकडे न्यायचा. पायाला ओरखडा किंवा पुरळ असेल तर त्या दिवशी हे काम करूच नये, मीठ झोंबतं.

बोटं मुडपणं ही खरी अडचण. बोटांच्या मुळाशी तळव्यावर दाब पडला की लहान बाळ बोटं मिटून घेतं. ही जन्मजात प्रतिक्रिया आहे आणि साधारण वर्षाच्या आसपास ती ओसरते. त्यामुळे ‘बोटं सरळ कर’ म्हणत तिथेच अंगठा दाबणारा मोठा माणूस नेमकं उलटं घडवून आणत असतो. घोटा धरायचा, तळव्याची बाहेरची कड टाचेकडून वर हलकेच बोटाने चोळायची. बोटं पंख्यासारखी उघडतात. त्याच क्षणी आधी टाच टेकवायची, मग बाहेरची कड, मग चवडा, आणि शेवटी प्रत्येक बोट वरून वेगळं दाबायचं. पाऊल काढताना सरळ वर उचलायचं. ओढून काढलं की अंगठ्याचा ठसा लांबट होतो.

चकती ठशाच्या आधी कापायची नाही. दाबाने गोल पसरून लंबगोल होतो आणि मग कडा सारख्या करताना बोटं दुखावतात. ठसा घ्या, मग वाटी उपडी ठेवून कापा. भोक जाड स्ट्रॉने, ६ मिलिमीटर रुंद आणि कडेपासून निदान १ सेंटिमीटर आत. वाळताना ते थोडं बुजतं. भोक टाचेकडे की बोटांकडे, हे आधी ठरवावं, कारण त्यावर पाऊल कसं लटकेल ते ठरतं. मागच्या बाजूला टूथपिकने नाव, वर्ष, वय महिन्यांत, मापाचा आकडा आणि पाऊल डावं की उजवं. हे शेवटचं बहुतेकांकडून राहून जातं आणि नंतर ओळखण्यावरून वाद होतात.

३ डिसेंबर

हवेवर वाळलेल्या चकत्या आज भाजायच्या. जाळीवर ठेवून १०० अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास, दर अर्ध्या तासाने उलटून. आच जास्त झाली की पाण्याची वाफ बाहेर पडायच्या आत वरचा थर कडक होतो, आणि मग फोड येतात किंवा चकती वाटीसारखी वळते. सुरुवातीलाच फोड दिसला तर सुईने टोचून सपाट दाबावा. मागचा मध्यभाग बोटाने दाबून पाहायचा: दबला तर आत ओल आहे. ओव्हन बंद केल्यावर चकत्या आतच निवू द्याव्यात, एकदम थंड हवेत काढल्या की भेगा जातात. बारीक भेग गोळ्याचाच उरलेला तुकडा पाण्यात कालवून बुजवता येते.

पांढराशुभ्र ठसा हवा असेल तर दुसरा प्रकार: २ कप खाण्याचा सोडा, १ कप कॉर्नफ्लोअर, सव्वा कप पाणी. मध्यम आचेवर सतत ढवळायचं. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की उतरवायचं आणि ओल्या फडक्याखाली पूर्ण निवू द्यायचं. वरून गार लागलं तरी पोटात हा गोळा बराच वेळ गरम राहतो. म्हणून तो मधोमध मोडून आतला भाग स्वतःच्या मनगटाला लावून पाहिल्याशिवाय बाळाचा पाय लावायचा नाही. हा ठसा मिठाच्या ठशापेक्षा गुळगुळीत येतो, रेषा स्पष्ट उमटतात, रंगाचीही गरज नसते. पण तो ठिसूळ. झाडावरून पडला की करंगळी आधी जाते.

प्लास्टर ऑफ पॅरिस ओलं असताना त्यात पाय ठेवू नये. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, जाड थरात ६० अंशांपर्यंत. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत चित्रकलेच्या कामात प्लास्टरमध्ये हात घातलेल्या विद्यार्थिनीला बहुतेक बोटं गमवावी लागली होती. प्लास्टरच हवं असेल तर आधी मऊ मातीत ठसा घ्यावा, पाय काढून घ्यावा, आणि मग त्या साच्यात प्लास्टर ओतावं.

५ डिसेंबर

रंगाचे ठसे. पाण्याने धुतला जाणारा, लहान मुलांसाठीचा पोस्टर कलरच घ्यावा; ॲक्रिलिक कातडीवर वाळलं की घासूनच काढावं लागतं. रंगाची वाटी आधी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी. गार रंग लागला की बाळ पाय झटकतं आणि पुढचं सगळं पुसत बसावं लागतं. ब्रशने गुदगुल्या होतात, स्पंजने कमी.

थर पातळ. जाड रंग दाबाने बाजूला सरकतो, बोटांमधल्या फटी भरून जातात आणि पाऊल बदकाचं दिसतं. एकदा रंग लावून लागोपाठ दोन ठसे घ्यावेत. पहिल्यात जादा रंग निघून जातो, दुसरा बहुधा चांगला येतो. कागद जाड, २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), पुठ्ठ्यावर चिमट्याने लावलेला. चालत्या मुलाला कागदावर उभं केलं तर वजनाने पाऊल काही मिलिमीटर पसरतं, शिवाय रंगावरून पाय घसरण्याची भीती. खुर्चीवर बसवून तळव्याला कागद लावलेला बरा. सगळे ठसे एकाच पद्धतीने घेतले तरच पुढच्या वर्षीशी तुलना करता येते. आणि ठशात कमान दिसत नाही म्हणून घाबरू नये. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, कमान हळूहळू दिसू लागते.

सांताक्लॉज करायचा तर ठसा उलटा धरायचा. टाच म्हणजे लाल टोपी, मधला पट्टा चेहरा, बोटं म्हणजे दाढी. पांढरा रंग आधी लावावा, लाल सर्वांत शेवटी, नाहीतर दाढी गुलाबी होते. रेनडिअर सोपा: पूर्ण पाऊल तपकिरी, टाचेवर लाल नाक, बोटांच्या वर रेखाटलेली शिंगं. डोळे रंग पूर्ण सुकल्यावर बारीक मार्करने काढावेत. काचेच्या गोळ्यावर थेट पाऊल उमटवायचा हट्ट सोडावा. गोलाईवर टाच आणि बोटं एका वेळी टेकत नाहीत, आणि हातात काच असते.

९ डिसेंबर

वार्निश. मीठ हवेतली ओल शोषतं, त्यामुळे न मढवलेली चकती दमट दिवसांत मऊ पडते, कधी तिला चक्क पाणी सुटतं. पुढून, मागून, कडांना आणि भोकाच्या आतूनही दोन-तीन पातळ हात द्यावेत. पाण्यात मिसळणारं वार्निश असेल तर पहिला हात अगदी पातळ आणि भरभर, नाहीतर वरचं मीठ विरघळून ठसा धूसर होतो. आत ओल राहिलेली चकती मढवली तर ओल कोंडून बुरशी येते, म्हणून शंका असेल तर आणखी एक दिवस थांबावं.

घरात कुत्रं असेल तर या चकत्या खालच्या फांद्यांवर नकोत. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. रांगणाऱ्या मुलाच्या हातालाही त्या लागू नयेत.

६ जानेवारी

झाड उतरवताना पावलांची वेगळी सोय. प्रत्येक चकती कोऱ्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. शाई उतरणारा वर्तमानपत्राचा कागद नको. मैद्याला उंदीर आणि किडे लागतात, त्यामुळे पुठ्ठ्याची पेटी चालत नाही. रंगाच्या ठशांचा स्कॅन मूळ आकारात, शंभर टक्क्यांवर काढून ठेवावा आणि शेजारी पट्टी ठेवूनच काढावा, म्हणजे पुढे कोणी लहान-मोठा करून छापला तरी माप सापडतं.